कवळी अर्धी, कोटा अपुरा

बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदवीच्या, अंतिम वर्षाला असलेल्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा सारांश देते.

मुलगी तालुक्याच्या गावची. वडील एसटीत कंडक्टर, आई घरी शिवणकाम करते. कॉलेज खासगी, शहराबाहेर हायवेला लागून. फीसाठी बँकेचं कर्ज काढलेलं. उन्हाळी परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे आणि प्रोस्थो, म्हणजे कृत्रिम दात बसवायच्या विभागाचा कोटा (परीक्षेआधी पुऱ्या करायच्या केसेस) अपुरा आहे. ज्या आजोबांची कवळी करायला घेतली होती, ते जॉ रिलेशन (वरचा-खालचा जबडा कसा जुळतो ते नोंदवण्याची पायरी) झाल्यावर पुन्हा आलेच नाहीत. फोन केला की सून उचलते आणि 'पुढच्या आठवड्यात पाठवते' म्हणते. दुसऱ्या एका आजींच्या कवळीचं सेटिंग, म्हणजे मेणात लावलेले दात, घेऊन ही सरांपुढे गेली, तर सरांनी आजींच्या देखतच मेणातले दात उचकटून काढले आणि "तुझा हातच नाहीये यात" असं सुनावलं. पेशंट टिकावा म्हणून ही त्यांची फी आणि रिक्षाभाडं मेसच्या पैशांतून भरते. रात्री दोन-अडीचपर्यंत वाचते, सकाळी काही आठवत नाही, जेवण जात नाही. "कधी कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये," असं तिने मध्येच एका ओळीत लिहिलं आहे. रूममेट बाहेरच्या लॅबवाल्याकडून दात लावून आणते. वर्गातले एक-दोन जण केस पेपरवर सरांची सहीसुद्धा उतरवतात म्हणे. तिचे प्रश्न असे: उन्हाळी परीक्षा सोडून हिवाळीला बसू का? मीही लॅबवाल्याकडे जाऊ का? की हात नाही हे मान्य करून सगळं सोडूनच देऊ? आणि घरी काय सांगू? ताजा कलममध्ये आणखी एक प्रश्न आहे, तो शेवटी घेते.

तुझ्या पत्रातली ती एक ओळ आधी घेते, कोट्याचं नंतर बघू. सकाळी जाग येऊ नये असं वाटणं हा नुसता थकवा असू शकतो. रोज चार तास झोपणाऱ्या माणसाला आणखी झोपावंसं वाटणारच. पण त्या वाक्याचा दुसराही अर्थ असतो, आणि तुझा कोणता आहे ते पत्रावरून मला ओळखता येत नाही. म्हणून सरळ विचारते: जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? उत्तर 'हो' किंवा 'कधी कधी' असेल, तर पुढचं वाचायच्या आधी रूममेटला किंवा जवळच्या कुणाला तरी ते आहे तसं सांग, रात्री एकटी राहू नकोस, आणि १४४१६ ला फोन लाव. हा 'टेलिमानस'चा नंबर. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

कॉलेजात कळेल, सरांच्या कानावर जाईल, अशी भीती तुझ्यासारख्या मुलांना फार असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त राहणं हा त्याचा हक्क ठरवला आहे. मानसोपचार ओपीडीत केस पेपर काढलास म्हणून तो प्रोस्थोच्या स्टाफरूममध्ये पोचत नाही. शिवाय जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमलेला असायला हवा. तुझ्या कॉलेजात तो कुठे बसतो हे ऑफिसात विचारायला काहीच हरकत नाही. 'एका मैत्रिणीसाठी हवंय' म्हणून विचारलंस तरी चालेल.

आता कोटा. तुझं पत्र वाचताना एक गोष्ट सारखी खटकत होती. आजोबा आले नाहीत, त्यापुढे तू लिहिलंस 'मी कमी पडते'. सरांनी सही दिली नाही, पुढे पुन्हा 'मी कमी पडते'. चेअर रिकामी मिळाली नाही, तिथेही तेच. आणि या सगळ्यावर तू काढलेला उपाय काय, तर रात्रीचं वाचन दोन तासांनी वाढवणं.

बारावी आणि नीटपर्यंत हा हिशेब बरोबर होता. जास्त बसलं की जास्त मार्क. पहिल्या वर्षीही तो चालून गेला: मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरायची, कस्प (दाढेवरचा उंचवटा) बिघडला तर दुसरा ठोकळा घ्यायचा. दुसऱ्या वर्षी फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर काम. ते डोकं 'उसाला पाणी द्यायचंय' म्हणून उठून जात नाही, त्याला उमासे येत नाहीत. क्लिनिकमध्ये पाऊल टाकलं आणि हिशेबच बदलला. आता तुझं काम पुरं होण्यासाठी आधी पेशंट यावा लागतो, चेअर मिळावी लागते, सर विभागात असावे लागतात, आणि त्यांनी सही करावी लागते. यातली एकही गोष्ट पुस्तक उघडून होत नाही. रात्री दोनपर्यंत वाचलं म्हणून आजोबा सकाळच्या गाडीत बसत नाहीत.

इंजिनिअरिंगच्या मुलाचा पेपर दुसऱ्याच्या येण्या-न येण्यावर अडत नाही. एमबीबीएसच्या मुलांनाही वॉर्डात पेशंट आयता मिळतो. दात बसवायला आलेल्या अनोळखी म्हाताऱ्याने पुन्हा पुन्हा खेपा घालाव्यात आणि त्यावर आपलं वर्ष अवलंबून असावं, ही गत दंतवैद्यकाच्याच विद्यार्थ्याची. ती तुझ्या एकटीचीही नाही. गार्बी, झुकर आणि सेल्बी या अमेरिकन संशोधकांनी १९८० मध्ये दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा ताण मोजायला एक प्रश्नावली तयार केली. तिच्या आधाराने पुढे देशोदेशी पाहण्या झाल्या, भारतातही झाल्या. परीक्षा, क्लिनिकचा कोटा आणि शिक्षकांची बोलणी ही तीन दुखणी त्यांत पुन्हा पुन्हा वर आलेली दिसतात. तुझं पत्र हाती नसतानाच कुणीतरी ते लिहून ठेवलं होतं म्हणायचं.

आता आजोबांच्या बाजूने बघ. पूर्ण कवळीला निदान पाच-सहा खेपा लागतात: पहिलं माप, मग स्पेशल ट्रेवर बॉर्डर मोल्डिंग (मापाच्या कडांना आकार देणं) आणि अंतिम माप, मग जॉ रिलेशन, मग मेणातल्या दातांची ट्राय-इन (तोंडात लावून बघणं), मग कवळी बसवणं, आणि नंतर टोचतं म्हणून घासून देणं. शिकाऊ हाताला प्रत्येक खेपेत अर्धा दिवस जातो. आजोबांनी काय पाहिलं असेल? एका मुलीने तोंडात गरम ग्रीनस्टिक (कडांचं माप घ्यायची कांडी) घातली, गाल ओढले, मग कडू पेस्ट, मग मेणाचे ठोकळे, आणि तीन खेपा होऊनही हातात दात नाहीत. त्यांना कुणी सांगितलं होतं का, की एकूण किती वेळा यायचंय आणि आता निम्मं काम झालंय? बहुतेक वेळा कुणीच सांगत नाही. 'सोमवारी या' एवढंच सांगतात. दात नसताना ते दोन-तीन वर्षं भात-आमटीवर जगलेत, त्यांना घाई नाही. घाई तुला आहे.

म्हणून पहिली सूचना: त्यांना फोन करू नकोस, त्यांच्या मुलाला किंवा नातवाला कर. सुनेच्या हातात सासऱ्यांना पाठवणं नसतंच बहुधा. कोण गाडीवर आणून सोडणार हे घरात दुसरंच कुणी ठरवतं. त्याला 'कधी येता' असं विचारू नकोस. 'आता फक्त तीन खेपा राहिल्यात, पुढच्या खेपेला दात लावून आरशात दाखवणार आहे, आवडले नाहीत तर बदलता येतील' असं सांग. ट्राय-इनला आरसा हातात दिला की म्हातारी माणसं खुलतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आणि दिवस त्यांच्या सोयीचा धर. तुमच्या कॉलेजजवळच्या गावाचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो? त्या दिवशी माणसं तशीही बाहेर पडतात. सुगी, एकादशी, गावची जत्रा हे दिवस डायरीत आधीच खोडून टाक. परतीची शेवटची गाडी किती वाजता हे केस पेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेव आणि तिच्या तासभर आधी पेशंटला मोकळं कर. गाडी चुकलेला पेशंट पुन्हा येत नाही. हे सगळं तुझ्या वडिलांइतकं कुणाला कळणार? त्यांचा सगळा दिवस याच माणसांना चढवण्या-उतरवण्यात जातो. त्यांच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

दुसरं, एका कवळीच्या भरवशावर बसायचं नाही. कोट्याला एक केस हवी असेल तर दोन सुरू करायच्या, कारण एक गळणार हे धरूनच चालायचं. पब्लिक हेल्थच्या शिबिरांना तू कंटाळून जातेस असं लिहिलंस. तिथे दात नसलेल्या माणसांची नावं आणि फोन उतरवून घे, आठवडाभरात ओपीडीला बोलाव. इंटर्नना विचार, त्यांच्याकडे गेल्या वर्षीच्या पेशंटचे फोन असतात. बॅचमधल्या एकीशी जोडी कर: तुझ्याकडे एंडोचे (रूट कॅनालचे) पेशंट जास्त असतील, तिच्याकडे प्रोस्थोचे, तर विभागाला विचारून अदलाबदल करा. हे सगळं रात्री दोन वाजता खोलीत बसून होत नाही. दिवसाउजेडी चार जणांशी बोलूनच होतं.

तिसरं, आजोबा महिनाभरात आले नाहीत तर वाट बघत बसू नकोस. कोणत्या तारखेला कोणती पायरी झाली, किती वेळा आणि कधी फोन केला, हे एका कागदावर लिहून विभागप्रमुखांना दे. प्रत्येक कॉलेजचा कोटा आणि त्यातली सवलत वेगळी असते. पण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रडत येणाऱ्या मुलीला जे मिळत नाही, ते तीन महिने आधी कागद घेऊन येणारीला पुष्कळदा मिळतं. अर्धी केस दुसऱ्या पेशंटवर पुढे न्यायची, किंवा झालेल्या पायऱ्यांचे गुण धरायचे, असे निर्णय विभागप्रमुख घेऊ शकतात. त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचली पाहिजे, एवढंच.

पेशंटची फी तू भरतेस, यावर मला राग आला, तुझ्यावर नाही. ही रीत अनेक कॉलेजांत अलिखित चालत आली आहे आणि कुणी तिच्याबद्दल मोठ्याने बोलत नाही. कोट्यातल्या केसची फी कॉलेजने माफ करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तू एकटीने जाऊन हे मागणं अवघड आहे, पण अख्ख्या बॅचने सही करून डीनना अर्ज दिला तर त्यांना उत्तर द्यावं लागतं. तोवर स्वतःपुरती एक मर्यादा ठरव: मेसच्या पैशांना हात लावायचा नाही. पैशासाठी आलेला पेशंट पैसे थांबले की थांबतो. आणि उपाशी पोटी बॉर्डर मोल्डिंग करणाऱ्या मुलीचा हात थरथरणारच.

हाताचा विषय निघालाच आहे. सरांनी म्हटलं आणि तू धरून बसलीस. हात कुणी जन्माला येताना आणत नाही, तो बसतो, आणि बसायला वारंवार करावं लागतं. तू या वर्षात सेटिंग किती वेळा केलंस? पेशंट आला तेव्हा एकदा, मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा. इतक्या अंतराने केलेल्या कामावरून हात आहे की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही, सरांनाही नाही.

तर असं कर. लॅबमध्ये टाकून दिलेले जुने कास्ट (जबड्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती) पडलेले असतात, टेक्निशियनकडून एक जोडी मागून घे, आर्टिक्युलेटरवर (जबड्यासारख्या हलणाऱ्या उपकरणावर) चढव. रोज फक्त वरचे पुढचे सहा दात लाव. मधल्या दाताची कड प्लेनला (चावण्याच्या पातळीला) टेकलेली, शेजारचा लॅटरल किंचित वर, सुळ्याचं टोक पुन्हा टेकलेलं आणि त्याची मान थोडी बाहेर आलेली. समोरून एक, बाजूने एक फोटो काढ, दात काढून टाक, मेण गुळगुळीत कर, झोप. चौथ्या-पाचव्या दिवशी पहिल्या दिवसाचा फोटो उघडून बघ. पुढच्या आठवड्यात मागचे दात घे. पहिल्या मोठ्या दाढेचा आतल्या बाजूचा पुढचा कस्प तेवढा टेकतो, बाकीचे उचललेले असतात. नेमका तिथेच सगळ्यांचा घोळ होतो, कारण सगळे कस्प टेकवले की सेटिंग 'भरल्यासारखं' दिसतं आणि नवशिक्याला तेच बरोबर वाटतं. एंडोचंही तसंच. आजूबाजूच्या दवाखान्यांतून काढलेले दात मागून आणून फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवणारी मुलं तुझ्या वर्गात असतीलच. पेशंटवर ॲक्सेस (दाढेच्या नसेपर्यंतची वाट) उघडण्याआधी तशा दहा दाढा उघडून बघ.

सरांबद्दल. मी काही वर्षं दंतमहाविद्यालयात शिकवलं आहे, म्हणून त्यांच्या बाजूचंही थोडं सांगते. खालचे दात रिजच्या (हिरडीच्या उंचवट्याच्या) मध्यावर नसतील तर चावताना कवळी डुलते, टोचते, आणि महिनाभरात ती आजींच्या ट्रंकेतल्या डब्यात जाऊन पडते. गावोगावी अशा कवळ्या डब्यांत पडून आहेत. तेव्हा ते दात काढून पुन्हा लावायला सांगणं चूक नव्हतं. आजींसमोर उचकटणं आणि 'हातच नाही' म्हणणं चूक होतं. या दोन गोष्टी वेगळ्या कर. पहिली तुझ्या उपयोगाची आहे, दुसरी टाकून दे.

पुढच्या वेळी काम घेऊन जाताना गप्प उभी राहू नकोस. आधी स्वतः तपास आणि सरांपुढे एक नेमका प्रश्न घेऊन जा: "सर, डावीकडे खालची दाढ रिजच्या बाहेर गेल्यासारखी वाटतेय, आत घेऊ का?" असं विचारणाऱ्या मुलीचं काम सर जरा जास्त वेळ बघतात. सही नाकारली तर विचार, "यात आधी काय बदलू?" आणि उत्तर तिथल्या तिथे तारखेसह लिहून घे. पुढच्या खेपेला तो कागद दाखवूनच सुरुवात कर. पंधरा जणांची रांग लागलेली असताना सरांना तुझं मागचं काम आठवत नसतं, त्यांना वाटतं ही पहिल्यांदाच आली आहे. आणि आजींना नंतर शांतपणे सांग, "दात परत लावते, तुम्हाला घट्ट बसावेत म्हणून." त्या तुझ्यापेक्षा जास्त घाबरल्या असतील.

पण अपमान रोजचाच असेल, किंवा बोलणं अंगचटीला, जातीवर, दिसण्यावर जात असेल, तर मात्र ते 'शिकवण्याची पद्धत' म्हणून सोसायचं नाही. तारीख, वेळ, साक्षीला कोण होतं हे लिहून तक्रार निवारण समितीकडे किंवा अंतर्गत समितीकडे जायचं. तुझ्या पत्रावरून गोष्ट तिथवर गेलेली दिसत नाही. हे लिहितेय ते इतर वाचकांसाठी.

लॅबवाल्याचा प्रश्न मला सगळ्यात मनापासून विचारलेला वाटला, कारण त्यात तू 'सगळेच करतात' असं लिहून पुढे तीन टिंबं दिली आहेस. खरं सांगायचं तर उद्या दवाखाना काढलास की तूही दात लॅबमध्येच लावून घेशील. जवळपास सगळे दंतवैद्य तेच करतात, त्यात लाज काही नाही. पण लॅबमधून आलेलं काम चुकीचं आहे हे ओळखायला आधी स्वतःला ते लावता यावं लागतं. शिवाय विद्यापीठाच्या प्रॅक्टिकलला तुझ्यासमोर परीक्षक असतो, लॅबवाला नसतो. तेव्हा पैसे देऊन आणलेलं सेटिंग या तीन महिन्यांत तुला एक सही देईल आणि परीक्षेत उघडं पाडेल. त्यापेक्षा कॉलेजच्याच टेक्निशियनशेजारी दोन-चार संध्याकाळी बस. मेण किती तापवायचं, नाइफ कुठे धरायची, हे तो ज्या सहजतेने दाखवतो ते पुस्तकात मिळणार नाही. चहा पाज त्याला.

सही उतरवण्याबद्दल मात्र 'पण' नाही. केस पेपर ही पेशंटची वैद्यकीय नोंद असते. त्यावर दुसऱ्याची सही करणं म्हणजे फसवणूक, आणि पकडलं गेल्यावर कोटा, परीक्षा, डिग्री सगळंच पणाला लागतं. वर्गातल्या त्या दोघांचं आज निभावलं असेल. तू त्या वाटेला जाऊ नकोस.

आता परीक्षा. उन्हाळी सोडून हिवाळीला बसलं की सहा महिने मोकळे मिळतील, असं तुला वाटतंय. जरा हिशेब करू. अंतिम वर्षाला आठ विषय: ओरल मेडिसिन, पेडो (मुलांचे दात), ऑर्थो (वाकडे दात), पेरिओ (हिरड्या), प्रोस्थो, कॉन्झर्व्हेटिव्ह-एंडो, ओरल सर्जरी आणि पब्लिक हेल्थ. तुझा अडलाय एक, फार तर दोन. पास व्हायला थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये वेगवेगळे ५० टक्के लागतात, आणि जो विषय सुटला तो सुटला, नापास विषयच पुन्हा द्यावा लागतो. मग एका प्रोस्थोसाठी उरलेले सात विषय हिवाळीपर्यंत का ओढायचे? सात सुटले आणि प्रोस्थो राहिला, तर हिवाळीला एकच विषय घेऊन बसशील. सगळे सोडलेस तर आठ घेऊन बसशील, तेही बॅच इंटर्नशिपला गेलेली असताना, एकटी. सहा महिन्यांचं हॉस्टेल, मेस आणि कर्जाचं व्याज वेगळंच. इंटर्नशिप पुढे गेली की नीट-एमडीएसच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या, पात्रतेची तारीखही हुकू शकते, तुझ्या डोक्यात एमडीएस असेल तर. कोटा अपुरा असताना फॉर्म भरू देतात का, हजेरी ७५ टक्के भरते का, हे याच आठवड्यात परीक्षा विभागात जाऊन विचार. मैत्रिणींच्या ऐकीव माहितीवर हा निर्णय घेऊ नकोस. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा नियम आणि कॉलेजने त्यावर चढवलेली स्वतःची अट यांत पुष्कळदा फरक असतो, तो तिथेच कळेल.

याला एक अपवाद. डॉक्टरांनी तपासून 'आता विश्रांती हवी' असं सांगितलं, तर परीक्षा खुशाल पुढे ढकल. सहा महिने गेले तरी चालतील. फक्त ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून व्हावं, सरांच्या भीतीने नको.

आणि सगळं सोडून देण्याचा प्रश्न मी आज घेतच नाही. झोप नसताना, पोटात अन्न नसताना माणसाने असले निर्णय घेऊ नयेत. डिग्री हातात आल्यावर चेअरवर उभं राहायचं नसेल तर सार्वजनिक आरोग्य आहे, हॉस्पिटल प्रशासन आहे, स्पर्धा परीक्षा आहेत, तेव्हा बोलू. इतक्या जवळ येऊन डिग्री सोडलीस तर कर्ज तेवढं उरेल.

घरचं. तू लिहिलंस, "बाबा स्टँडवर सगळ्यांना सांगतात, पोरगी डॉक्टर होणार, त्यांना कसं सांगू?" तू असं धरून चालली आहेस की सांगायचं म्हणजे सगळं एकदम सांगायचं, आणि ऐकून ते कोसळतील. तिकीट काढण्यावरून रोज चार जणांशी हुज्जत घालणारा माणूस इतका कच्चा नसतो. फोनवर ते विचारतात 'जेवलीस का', तू म्हणतेस 'हो', आणि तिथेच बोलणं संपतं. पुढच्या वेळी 'नाही' म्हण. मग ते पुढचं विचारतील. जॉ रिलेशन त्यांना समजावायची गरज नाही. 'माझा एक पेशंट येत नाही आणि त्याच्यावाचून माझी परीक्षा अडलीय' हे त्यांना बरोबर समजेल. आणि मग त्यांना कामाला लाव: त्या गावाला सकाळची कोणती गाडी जाते, आजोबांना कोणती सोयीची पडेल, परतीची कधी. कदाचित त्या मार्गावरचा कुणी कंडक्टर त्यांच्या ओळखीचा निघेल. मुलीचं दुखणं ऐकून हातावर हात धरून बसणं बापाला जड जातं, काम मिळालं की बरं वाटतं. परीक्षा पुढे जाण्याची शक्यता असेल तर तीही आताच सांग, खर्चाच्या आकड्यासकट. निकालाच्या दिवशी कळण्यापेक्षा ते बरं.

अभ्यासाचं फार सांगत नाही, तुला तो येतो. एकच बदल कर: रात्री बाराला पुस्तक बंद. व्हायवाला वाचलेलं उपयोगी पडत नाही, बोललेलं पडतं. म्हणून संध्याकाळी अर्धा तास रूममेटला समोर बसवून मोठ्याने उत्तरं द्यायची, मग तिने द्यायची. 'येतं पण सांगता येत नाही' ही तुझी तक्रार त्यातून पुष्कळ कमी होईल. मान आणि पाठ दुखते म्हणालीस, तर चेअर वर घे. पेशंटवर वाकून काम करायची सवय आत्ताच मोडली नाही तर पुढे जन्मभर पुरते.

राहिला ताजा कलम. रूममेट जागरणासाठी एक गोळी घेते आणि तुलाही देऊ केली आहे, घेऊ का? नको. जागं ठेवणाऱ्या मोडाफिनिलसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसतात. त्यांनी भूक मरते, छातीत धडधडतं, डोकं दुखतं, घाबरल्यासारखं होतं. आणि यातलं निम्मं तुला गोळीविनाच होतंय. तिची स्ट्रिप तिला परत दे आणि तिला कुणी लिहून दिली तेही विचार, तीही अडचणीत असेल. जेवण न जाणं आणि झोप न लागणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर याच आठवड्यात फिजिशियनला दाखव, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे, आणि त्यांना ती सकाळी जाग येऊ नये वाटण्याची ओळही सांग.